रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे क्रेडिट कार्डाच्या डिस्प्यूटने कसे मिळवावेत

विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, परताव्याची मागणी करून महिना उलटला आणि ग्राहक सेवेकडून ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर येत राहिले, तर तिकीट क्रेडिट कार्डाने काढलेल्या प्रवाशासाठी एक वाट मोकळी असते. कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध डिस्प्यूट, म्हणजे ती रक्कम आपल्याला मान्य नसल्याचा अर्ज, दाखल करता येतो. डिस्प्यूट मान्य झाल्यावर पैसे उलट मागवण्याच्या क्रियेला चार्जबॅक म्हणतात. तिकिटाचे पैसे तुमच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कमार्फत विमान कंपनीच्या बँकेत गेलेले असतात आणि चार्जबॅकमध्ये ते त्याच वाटेने परत खेचले जातात. कंपनीची बँक आधी रक्कम चुकती करते आणि मग ती कंपनीकडून वसूल करते, त्यामुळे ग्राहक सेवेला दहा फोन करून जो दबाव येत नाही तो या एका अर्जाने येतो.

मात्र हा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. माझ्या पहिल्या डिस्प्यूटला मी साडेतीन पानांचे पत्र जोडले होते. त्यात विमानतळावर काढलेली रात्र होती, कर्मचाऱ्यांची उद्धट उत्तरे होती, हुकलेला कौटुंबिक कार्यक्रमही होता. आठवड्याने बँकेने एकच प्रश्न विचारला: उड्डाण रद्द केल्याचा कंपनीचा ईमेल कुठे आहे? बँकेतील अधिकाऱ्याला कोणावर अन्याय झाला हे ठरवायचे नसते. नेटवर्कच्या नियमातील अटी आणि तुम्ही जोडलेली कागदपत्रे जुळतात की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते.

उड्डाण रद्द कोणी केले

सर्वांत आधी हे स्पष्ट असले पाहिजे, की उड्डाण कंपनीने रद्द केले आहे की तिकीट तुम्ही रद्द केले आहे. कंपनीने उड्डाण रद्द केले तर पैसे घेऊनही सेवा दिली गेली नाही, असा सरळ दावा उभा राहतो आणि तिकिटावर ‘परतावा मिळणार नाही’ असे छापलेले असले तरी तो टिकतो, कारण ती अट प्रवाशाने बेत बदलल्यास लागू होणारी असते. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले, तर मात्र तिकिटाच्या भाड्याचे नियम लागू होतात आणि परतावा न मिळणाऱ्या भाड्यात डिस्प्यूट जवळजवळ हमखास फेटाळला जातो.

म्हणूनच वादळ येणार आहे, संप होणार आहे किंवा कंपनी डबघाईला आल्याच्या बातम्या आहेत, म्हणून घाईने ‘बुकिंग रद्द करा’ या बटणाला हात लावू नये. उड्डाण रद्द होणार हे समोर दिसत असले तरी कंपनी तसे स्वतः जाहीर करेपर्यंत थांबावे. अनेकांचे पैसे या एका अधीरपणात जातात.

याच्या अधलामधला प्रकार वेळापत्रकातील बदलाचा. सकाळचे विमान रात्रीवर ढकलले किंवा थेट उड्डाणाऐवजी दोन थांब्यांचा प्रवास दिला, तर कंपनी त्याला ‘रद्द’ म्हणत नाही. काही देशांच्या नियमांनी येथे रेषा आखून दिली आहे. अमेरिकेत २०२४ साली लागू झालेल्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात ३ तासांचा आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात ६ तासांचा फरक पडला, तर बदल मोठा समजला जातो आणि प्रवाशाने तो नाकारल्यास परतावा देणे बंधनकारक ठरते. अशी स्पष्ट रेषा नसेल तेथे कंपनीच्या वाहतूक अटी वाचाव्यात, कारण किती तासांच्या बदलाला परतावा मिळेल हे त्यांत बहुधा लिहिलेले असते आणि कंपनीच्याच अटींचे पान पुराव्यासाठी सर्वांत सोयीचे असते.

पर्याय स्वीकारू नका आणि नाकारल्याचे लिहून ठेवा

उड्डाण रद्द झाल्याच्या ईमेलमध्येच बहुधा दोन बटणे असतात. एक बदली उड्डाण स्वीकारण्याचे आणि दुसरे व्हाउचर घेण्याचे, आणि परताव्याचा दुवा शोधावा लागेल अशा बारीक अक्षरांत तळाशी असतो. ही मांडणी योगायोगाने होत असावी असे मला तरी वाटत नाही. यांपैकी कोणतेही बटण दाबले, की कंपनीकडे तुमच्या संमतीची नोंद तयार होते आणि पुढे हीच नोंद ती बँकेला पाठवते. रोख परतावा हवा असेल, तर दोन्हींपैकी काहीही स्वीकारू नये.

व्हाउचर तुमच्या संमतीशिवाय खात्यात जमा केले गेले, तर ते वापरू नये आणि त्याच दिवशी लेखी कळवावे, की ते आपण मागितलेले नाही व आपल्याला मूळ कार्डावर परतावा हवा आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार व्हाउचर देण्यासाठी प्रवाशाची सही असलेली संमती लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत परताव्याची रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा मानला आहे. असा नियम आपल्या प्रवासाला लागू असेल, तर पत्रात त्याचा एका वाक्यात उल्लेख करावा.

आधी कंपनीकडे मागणी, आणि ती लेखी

कंपनीकडे पैसे मागितल्याशिवाय बँक डिस्प्यूट घेत नाही, किंवा घेतला तरी तो कच्चा राहतो. फोनवर केलेल्या मागणीचा पुरावा तुमच्या हाती राहत नाही, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरील परताव्याचा अर्ज भरावा, त्याचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा. चॅटवर बोलणे झाले, तर खिडकी बंद करण्यापूर्वी सारा संवाद जतन करावा.

मजकूर दोन-तीन वाक्यांचाच असावा: अमुक आरक्षण क्रमांकाचे अमुक तारखेचे उड्डाण आपण रद्द केले आहे, मला बदली उड्डाण किंवा व्हाउचर नको आहे, पूर्ण रक्कम मूळ कार्डावर अमुक तारखेपर्यंत जमा करावी. ही तारीख मनाने ठरवण्याची गरज नसते. युरोपीय नियमात परताव्यासाठी ७ दिवसांची मुदत आहे, अमेरिकी नियमात कार्डाने दिलेल्या पैशांसाठी कामकाजाचे ७ दिवस, तर भारतीय नियमातही क्रेडिट कार्डावरील परताव्यासाठी ७ दिवस दिले आहेत. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाला अधिक वेळ लागतो. मुदत उलटली, की एक स्मरणपत्र पाठवावे आणि त्यानंतर बँकेकडे जावे. तिसऱ्या, चौथ्या स्मरणपत्राने दाव्याला बळ येत नाही, उलट डिस्प्यूटची मुदत मात्र सरत राहते.

स्टेटमेंटवर नाव कोणाचे आहे

डिस्प्यूट विमान कंपनीविरुद्ध होत नसतो, तर तुमच्या स्टेटमेंटवर ज्याचे नाव आहे त्या व्यापाऱ्याविरुद्ध होतो. तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल, तर हे दोघे एकच असतात. प्रवास संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून काढले असेल, तर पैसे एजंटने घेतलेले असू शकतात. तसे असताना कंपनी सांगते, ‘आम्ही एजंटला पैसे दिले’, आणि एजंट सांगतो, ‘कंपनीकडून आलेले नाहीत’. या चेंडूफळीत प्रवाशाने पडू नये. परताव्याची मागणी दोघांकडेही करावी, पण डिस्प्यूट स्टेटमेंटवरील नावाविरुद्धच दाखल करावा.

कधी कधी एका तिकिटाचे दोन व्यवहार दिसतात: भाडे कंपनीने घेतलेले आणि सेवाशुल्क एजंटने. आसनाची निवड आणि जादा सामान यांचे पैसेही पुष्कळदा वेगळ्या व्यवहारात गेलेले असतात. प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा डिस्प्यूट लागतो. भाड्याचे पैसे मिळाले आणि सामानाचे विसरले, असे सहज घडते. एजंटच्या सेवाशुल्काबाबत फार आशा धरू नये, कारण तिकीट काढून देण्याची सेवा आपण दिली होती, हे त्याचे म्हणणे बहुधा ग्राह्य धरले जाते.

मुदतीचे गणित

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत सेवा न मिळाल्याच्या डिस्प्यूटसाठी साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. ती तिकीट काढल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते असे नाही. सेवा ज्या दिवशी मिळणे अपेक्षित होते, म्हणजे प्रवासाच्या तारखेपासून, किंवा ती मिळणार नाही हे तुम्हाला ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून ती धरली जाते आणि मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची बाहेरची मर्यादा असते. जानेवारीत काढलेले ऑक्टोबरचे तिकीट जूनमध्ये रद्द झाल्याचे कळले, तर बँकेचा कर्मचारी ‘व्यवहार जुना आहे’ म्हणून परत पाठवील, तेव्हा त्याला हा नियम दाखवून द्यावा. स्वतःपुरते मात्र जूनमधील ईमेलची तारीख धरूनच १२० दिवस मोजावेत, म्हणजे कोणत्याही हिशेबाने उशीर होत नाही.

कायद्याने दिलेल्या मुदती याहून वेगळ्या असू शकतात. अमेरिकेच्या १९७४ सालच्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टमध्ये ती व्यवहार असलेले पहिले स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची आहे आणि त्या कायद्याचे पूर्ण संरक्षण हवे असेल, तर बँकेने कळवलेल्या पत्त्यावर लेखी पत्र पाठवावे लागते. ही मुदत टळली, तरी नेटवर्कच्या नियमांखाली बँक डिस्प्यूट घेऊ शकते. कंपनी गोड बोलून वेळ काढत असेल, तर तिच्या आश्वासनांवर विसंबून मुदतीचा काठ गाठू नये.

जोडपत्रे

पुढील कागद एका फाइलमध्ये क्रमाने लावावेत आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावा.

१. तिकिटाची ई-प्रत. तिच्यावर सहा अक्षरी आरक्षण क्रमांकाशिवाय १३ अंकी तिकीट क्रमांक असतो, ज्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. अर्जात हा तिकीट क्रमांक जरूर लिहावा.

२. उड्डाण रद्द केल्याचा कंपनीचा ईमेल किंवा संदेश. तो आलाच नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर उड्डाणापुढे ‘रद्द’ असे दिसत असतानाच तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा, कारण ही माहिती काही दिवसांनी तेथून नाहीशी होते.

३. परताव्याची लेखी मागणी, तिचा संदर्भ क्रमांक आणि कंपनीचे उत्तर.

४. व्हाउचर नाकारल्याचा ईमेल, व्हाउचर दिले गेले असल्यास.

५. कार्डाच्या स्टेटमेंटचे संबंधित पान.

६. कंपनीच्या वाहतूक अटींतील परताव्याचे कलम, तेवढाच उतारा.

दुसरा आणि तिसरा कागद भक्कम असला, तर बाकीचे कमी-अधिक चालून जातात.

कारणाची निवड

बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार निवडून डिस्प्यूट उघडला, की कारण विचारले जाते. यादीत सर्वांत वर बहुधा ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असे असते आणि पुष्कळ जण घाईत तेच निवडतात. हे कधीही करू नये. त्याचा अर्थ कार्डाचा गैरवापर झाला असा होतो, बँक कार्ड बंद करते, आणि कंपनी तुमच्याच नावाचे तिकीट दाखवून डिस्प्यूट जिंकते. शिवाय ते विधान असत्य असते, ही गोष्ट निराळीच.

योग्य कारणे दोन आहेत. कंपनीने उड्डाण रद्द केले आणि पैशांबाबत दाद दिली नाही, तर ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण निवडावे. कंपनीने परतावा मंजूर केल्याचे लेखी कळवले आणि तरीही रक्कम आली नाही, तर ‘मंजूर परतावा जमा झाला नाही’ हे कारण अधिक बळकट ठरते. व्हिसाच्या नियमांत ही कारणे अनुक्रमे १३.१ आणि १३.६ या संकेतांकांखाली येतात, तर मास्टरकार्डमध्ये दोन्ही ४८५३ या एकाच संकेतांकात सामावतात. मंजुरीच्या पत्रानंतर किमान १५ दिवस जाऊ द्यावेत. त्याआधी केलेला अर्ज अपरिपक्व म्हणून परत येऊ शकतो. ‘रद्द केलेली सेवा’ असेही एक कारण यादीत दिसते, पण ते ग्राहकाने स्वतः सेवा रद्द केल्याच्या प्रसंगासाठी आहे, हे लक्षात ठेवावे.

अर्जाचा मजकूर

सोबतच्या निवेदनात एवढे पुरते:

‘अमुक तारखेला या कार्डावरून अमुक व्यापाऱ्याने अमुक तिकीट क्रमांकासाठी अमुक रक्कम घेतली. त्या तिकिटावरील अमुक तारखेचे उड्डाण कंपनीने स्वतः रद्द केले असून तसे कळवणारा तिचा ईमेल जोडपत्र २ म्हणून दिला आहे. मी प्रवास केलेला नाही आणि बदली उड्डाण किंवा व्हाउचर स्वीकारलेले नाही. अमुक तारखेला मी मूळ कार्डावर परतावा मागितला, त्याची प्रत जोडपत्र ३ मध्ये आहे. आजपर्यंत रक्कम जमा झालेली नाही. सेवा न मिळाल्यामुळे पूर्ण रक्कम परत मिळावी.’

जाताना प्रवास झाला आणि परतीचे उड्डाण रद्द झाले, असे असेल तर पूर्ण रक्कम मागू नये. न वापरलेल्या भागाचे भाडे आणि त्यावरील कर एवढ्याचाच डिस्प्यूट करावा. हा आकडा तिकिटाच्या भाडे-तपशिलात सापडतो, नाहीतर कंपनीकडून लेखी मागून घ्यावा. जादा मागितल्यास कंपनीला खरे बोलूनच तुमचा दावा खोडता येतो. हॉटेलचे बुडालेले पैसे, नव्याने काढलेले महाग तिकीट किंवा मनस्तापाची भरपाई चार्जबॅकमधून मिळत नाही, त्यासाठी विमा किंवा ग्राहक न्यायालय या वेगळ्या वाटा आहेत.

निकाल लागेपर्यंत

काही बँका अर्ज घेतल्यावर वादग्रस्त रक्कम तात्पुरती खात्यात जमा करतात. ती जिंकल्याची खूण नसते, डिस्प्यूट फेटाळल्यास ती पुन्हा वजा होते, म्हणून खर्च करू नये. बिलातील बाकीची रक्कम वेळेवर भरावी आणि वादग्रस्त रक्कम रोखून ठेवता येते का, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे. आपल्या मनाने बिल थकवल्यास व्याज आणि पतनोंद यांचा फटका निकाल काहीही लागला तरी बसतो. तिकिटाची रक्कम हप्त्यांत फिरवलेली असेल, तर मुद्दल परत आले तरी व्याज व शुल्क चालू राहू शकते, म्हणून हप्ते बंद करण्याची विनंती त्याच वेळी करावी.

मधल्या काळात ‘आम्ही परतावा केव्हाच दिला’ असे कंपनीचे उत्तर आले, तर तिच्याकडे एआरएन मागावा. हा २३ अंकी क्रमांक प्रत्येक परताव्याच्या व्यवहाराला मिळतो आणि त्यावरून तुमच्या बँकेला ती रक्कम कुठे पोचली हे शोधता येते. कंपनीला तो देता आला नाही, तर परतावा निघालेलाच नसण्याची शक्यता मोठी. कार्ड मधल्या काळात बदलले असेल, तरीही जुन्या क्रमांकावर आलेले पैसे बँकेला शोधता येतात. कंपनीने खरोखरच पैसे दिले, तर डिस्प्यूट त्याच दिवशी मागे घ्यावा, कारण दोन्हीकडून आलेले पैसे नंतर एकाकडे परत करावेच लागतात.

कंपनीने हरकत घेतली तर

कंपनीला उत्तर देण्यासाठी नेटवर्कनुसार साधारण ३० ते ४५ दिवस मिळतात. तिची उत्तरे ठराविक असतात. ‘भाडे परतावा न मिळणारे होते’ याला उत्तर असे, की तिकीट मी नाही, उड्डाण तुम्ही रद्द केले. ‘व्हाउचर दिले आहे’ याला उत्तर म्हणजे ते नाकारल्याचा ईमेल आणि व्हाउचर अजून न वापरलेले दिसणारा स्क्रीनशॉट. ‘बदली उड्डाणात जागा दिली होती’ याला उत्तर असे, की ती मी स्वीकारली नाही आणि त्या विमानाने गेलो नाही. बँकेकडून हे कागद आले, की त्यांवर उत्तर देण्यासाठी दिलेली मुदत फार थोडी असते, कधी आठ-दहा दिवसांचीच. या काळात ईमेलचा स्पॅम कप्पाही रोज पाहावा. उत्तर न दिल्यास तुम्हाला कंपनीचे म्हणणे मान्य आहे, असे गृहीत धरले जाते.

त्यानंतरही दोन्ही बँकांचे एकमत झाले नाही, तर प्रकरण नेटवर्कच्या लवादाकडे जाऊ शकते. तेथे हरणाऱ्या बँकेला शेकडो डॉलरचे शुल्क बसत असल्याने लहान रकमेसाठी बँक तिथवर जाण्यास तयार होत नाही. स्वस्त तिकिटाचा भक्कम दावाही कधी कधी अर्ध्यावर सोडला जातो, तो यामुळे.

बँकेने नकार दिला तर

नकाराचे नेमके कारण आणि कंपनीने पाठवलेली कागदपत्रे लेखी मागावीत. नवा पुरावा असेल, तर फेरविचाराचा अर्ज करावा, तोच मजकूर पुन्हा पाठवून काही साधत नाही. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने घेतलेल्या सेवेची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर १९७४ सालच्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार कार्ड देणारी बँकही कंपनीइतकीच जबाबदार असते. हा हक्क चार्जबॅकहून स्वतंत्र आहे आणि त्यात हॉटेलसारखे अनुषंगिक नुकसानही मागता येते, मात्र तिकीट एजंटमार्फत काढले असल्यास तो लावणे अवघड जाते. भारतात बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विमान वाहतूक नियामकाकडे कंपनीविरुद्ध तक्रार करण्याची वाटही याच्या जोडीने खुली असते.

कंपनीच बंद पडली असेल, तर या पायऱ्यांचा क्रम बदलतो. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. अशा दिवाळखोरीत तिकीटधारक हे विनातारण धनकोंच्या, म्हणजे तारण न घेता कंपनीकडे पैसे अडकलेल्यांच्या, लांबलचक रांगेत शेवटी उभे असतात. चार्जबॅकचे देणे मात्र कंपनीच्या बँकेवर येते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता उड्डाणे थांबल्याच्या जाहीर निवेदनाची प्रत जोडून लगेच डिस्प्यूट दाखल करावा.

चालू असलेल्या कंपनीच्या बाबतीत एक जोखीम राहते. काही कंपन्या चार्जबॅक करणाऱ्या प्रवाशाचे सदस्य खाते गोठवतात किंवा पुढचे आरक्षण घेण्यास नकार देतात. त्याच कंपनीची पुढची तिकिटे किंवा साठवलेले मैल हाती असतील, तर ते आधी वापरता येतात का आणि १२० दिवसांच्या मर्यादेत तेवढा वेळ उरतो का, हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे.